स्वतः बनवलं म्हणजे नेमकं काय केलं?

'फ्रॉम स्क्रॅच' हा आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातला लाडका शब्द. रेझ्युमेवर असतो, इंटरव्ह्यूत असतो, लिंक्डइनवर तर असतोच. 'हे अ‍ॅप मी फ्रॉम स्क्रॅच बांधलं.' ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की त्यातला बहुतेक कोड दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला आहे आणि यानं तो आणून जोडलाय. तरी कुणी हरकत घेत नाही, कारण सगळेच तसं बोलतात. माझंही त्यावाचून काही अडत नव्हतं. मग मी एक रेल्वे इंजिन बांधायला घेतलं, आणि लोक विचारायला लागले, "हे तू स्वतः बनवलंस?" तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

इंजिन म्हणजे मॉडेल, पण काचेच्या कपाटात ठेवायचं नव्हे. हे माणसाला पाठीवर घेऊन रुळावरून खरोखर धावतं. ब्रिटनमध्ये हा छंद शंभर वर्षांहून जुना आहे. लंडनमध्ये १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं मासिक सुरू झालं आणि घरच्या लेथवर इंजिनं घडवणाऱ्या हौशी लोकांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. या छंदात जी मापं ठरून गेली आहेत त्यातलं एक म्हणजे सव्वासात इंच, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर १८४ मिलिमीटर. आपल्या ब्रॉडगेजचं अंतर १६७६ मिलिमीटर. भागून बघा, ९.१ येतं. तेव्हा माझं इंजिन खऱ्याच्या साधारण एक नवमांश.

खरं कोणतं? डब्ल्यूडीएम-२. नाव माहीत नसलं तरी तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी ते पाहिलेलं असणार. लहानपणी गावी जाताना गाडीच्या तोंडाशी काळा धूर ओकत, जागच्या जागी धडधडत उभं असायचं ते. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, लांबी सतरा मीटरच्या वर, वजन ११२.८ टन. माझे बाबा घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते, नोकरीचा बराच काळ ब्रेकच्या कामावर. आता ब्रॉडगेजचं जवळजवळ सगळं विद्युतीकरण झालंय आणि ही इंजिनं भंगारात चालली आहेत. म्हणून म्हटलं, एक तरी आपल्याकडे राहू दे.

आता हिशेब मांडतो. लोखंडी प्लेटा भोसरीत लेझरवर कापून आणल्या. ड्रॉइंग माझं, यंत्र त्यांचं. चाकं बारा, प्रत्येकी १२० मिलिमीटर व्यासाची. ती एका ओळखीच्या टर्नरच्या लेथवर मी स्वतः काढली, पण पहिली दोन त्यानं करून दाखवल्यावर. बेअरिंग, चेन, स्प्रॉकेट रविवार पेठेत बोहरी आळीतून. स्विच, फ्यूज, वायर तपकीर गल्लीतून. मोटरी दोन, २४ व्होल्टच्या, विकतच्या. त्यांचा वेग सांभाळणारा कंट्रोलर हा सीलबंद डबा, तोही विकतचा. वेल्डिंग निम्मं माझं. वाकडंतिकडं दिसतं ते. बोगीची मापं बाबांच्या आग्रहाखातर अगदी मूळ इंजिनासारखी. त्यात एका बोगीतल्या तीन अ‍ॅक्सलमधली अंतरं सारखी नसतात, हे मला माहीतच नव्हतं.

एवढं सगळं बाहेरून आणल्यावर 'स्वतः बनवलं' म्हणायचं की नाही?

एक उत्तर अति शुद्धतेचं आहे. विकतचं काहीही वापरलं की ते 'स्वतः' नाही. पण ही शिडी उतरायला लागलं की तळच सापडत नाही. मोटर विकतची नको, मग तांब्याची तार गुंडाळा. तार विकतची नको, मग तांबं गाळा. लेथ कुणी बनवला? लेथवर काम करायला कुणी शिकवलं? या हिशेबानं जगात कुणीच कधी काहीही स्वतः बनवलेलं नाही. आणि जो शब्द कशालाच लागू पडत नाही तो वापरून उपयोग नाही.

दुसरं उत्तर अति सैल आहे. कल्पना माझी, पैसे माझे, म्हणून वस्तू माझी. या उत्तराची गंमत वॉल्ट डिस्नेच्या गोष्टीत दिसते. डिस्नेनं १९५० साली लॉस एंजेलिसमधल्या आपल्या घराच्या आवारात याच सव्वासात इंची गेजवर वाफेच्या इंजिनाची रेल्वे सुरू केली. इंजिनाला बायकोच्या नावावरून 'लिली बेल' नाव दिलं. ते घडवण्याचं मुख्य काम त्याच्या स्टुडिओच्या मशिन शॉपनं रॉजर ब्रोगी या कारागिराच्या देखरेखीखाली केलं. डिस्ने हौसेनं तिथे जाऊन लेथ शिकला, काही भाग त्यानं स्वतः केले, गाडीचा शेवटचा गार्डाचा डबाही केला. मग लिली बेल कुणी बनवली? ब्रोगीनं म्हणाल तर ते खरंच आहे. डिस्नेनं म्हणाल तर तेही अगदी खोटं वाटत नाही. भाग मोजून हा वाद मिटत नाही.

आमच्या धंद्यातही मोजणी अशीच फसते. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरनं आपला 'लेफ्ट-पॅड' नावाचा छोटा कोड इंटरनेटवरच्या सामायिक साठ्यातून काढून घेतला. जेमतेम अकरा ओळी. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे मोकळ्या जागा भरायच्या. पण जगभरातल्या असंख्य प्रकल्पांची बांधणी त्या दिवशी कोसळली, कारण त्यांच्या खालच्या कुठल्या तरी थरात त्या अकरा ओळी होत्या. मोठमोठी सॉफ्टवेअरं 'आम्ही बनवली' म्हणणाऱ्या किती तरी लोकांना त्या दिवशी कळलं की आपल्या वस्तूत हे आहे. टक्क्यांच्या भाषेत ते अकरा ओळींचं ऋण नगण्यच होतं. पण वस्तू बंद पडली तेव्हा टक्के कुणी विचारले नाहीत.

मग मी डब्ल्यूडीएम-२ चाच इतिहास उलटून पाहिला, आणि तिथे मला पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ही इंजिनं अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून तयार होऊन आली. मग वाराणसीला डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स उभं राहिलं आणि जानेवारी १९६४ मध्ये तिथून पहिलं इंजिन बाहेर पडलं. पण ती सुरुवातीची इंजिनं अल्कोनं पाठवलेल्या सुट्या भागांची जुळणी करूनच झाली होती. आजच्या मीम्सच्या भाषेत सांगायचं तर स्क्रू पिळण्याचं काम. हळूहळू एकेक भाग इथे बनू लागला. १९६९ साली अल्कोनं इंजिनं बनवणंच थांबवलं. वाराणसीत मात्र त्यानंतरही अनेक वर्षं ही इंजिनं बनत राहिली. सगळी मिळून अडीच हजारांहून जास्त.

प्रश्न असा, की डब्ल्यूडीएम-२ 'आपलं' कोणत्या दिवशी झालं? इतके टक्के भाग देशी झाले त्या दिवशी, असं सरकारी उत्तर देता येईल. मला वाटतं, अल्को मिटली तेव्हा ते पुरतं आपलं झालं. त्याआधी एखादा भाग वारंवार तडकला तर अमेरिकेला पत्र लिहून विचारता येत होतं. त्यानंतर पत्र लिहायला समोर कुणी उरलं नाही. का तडकतो, त्यावर काय करायचं, याचं उत्तर वाराणसीला आणि घोरपडी-कल्याणसारख्या शेडांनाच द्यायचं होतं. ड्रॉइंगवर परकं नाव असलं तरी उत्तर द्यायची पाळी आपली होती.

बाबांना हे सांगितलं तर त्यांना त्यात नवल वाटलं नाही. ते म्हणाले, "अरे, शेडमध्ये इंजिन कुणाचं असतं? ज्याची सही त्याचं." ड्रायव्हर वहीत बिघाड लिहितो. फिटर तो काढतो आणि खाली सही करतो. त्या फिटरनं ना ब्रेकचं सिलिंडर ओतलेलं असतं, ना रबराचं सील बनवलेलं असतं. पण सही केली की घाटात त्या ब्रेकचं जे होईल त्याचं उत्तर त्याच्याकडे. "सही करताना हात थोडा थांबायचा," ते म्हणाले. "ज्याचा थांबत नाही त्याला आम्ही ब्रेकवर ठेवत नव्हतो."

इथे कुणी म्हणेल, खेळण्याच्या गाडीला घाटातला ब्रेक कशाला लावतोस? आमच्या सोसायटीच्या कमिटीनंही हेच म्हटलं. गणपतीत मुलांसाठी पार्किंगच्या कडेनं रूळ टाकून इंजिन चालवावं, अशी त्यांची इच्छा होती. मी यंदा नको म्हटल्यावर उत्तर आलं, "एवढं काय, खेळणंच तर आहे."

खेळणं आहे का, ते बघू. लांबी नवव्या हिश्शाची झाली की वजन नवव्या हिश्शाचं होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही घटतात, म्हणून ते ९.१ च्या घनानं, साडेसातशे पटींहून जास्त घटतं. ११२.८ टनांचे साधारण १५० किलो होतात. इंजिन असं शिस्तीत लहान होतं, पण त्यावर बसणारा माणूस लहान होत नाही. तो पूर्ण मापाचाच राहतो. उलट हिशेब केला तर खऱ्या डब्ल्यूडीएम-२ च्या टपावर पंधरा मीटर उंचीचा, पन्नास टनांहून जड राक्षस बसवल्यासारखं आहे हे. रुळांमधलं अंतर १८४ मिलिमीटर आणि तुम्ही बसलाय जमिनीपासून ४६ सेंटिमीटरवर. वळणावर एका बाजूला कललात तर गाडी कुठे जाईल ते सांगायला इंजिनिअर लागत नाही.

आता वेग. ताशी ८ किलोमीटर, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाहून थोडा जास्त. इंजिन, मागची बसायची ट्रॉली आणि चार जण मिळून ४५० किलो धरा. या गाडीत त्या वेगाला जेवढी ऊर्जा असते, तेवढीच ७५ किलोचा माणूस दीड मीटर उंचीवरून जमिनीवर पडताना असते. कपाटातल्या मॉडेलमध्ये चूक असली तर जाणकार हसतो. या मॉडेलमध्ये चूक असली तर कुणाचा तरी हात मोडतो. डिस्नेच्या बागेत १९५३ साली लिली बेल उलटली आणि वाफेनं एका लहान मुलीला भाजलं. इजा मोठी नव्हती, पण डिस्नेनं ती रेल्वे बंद केली. त्या वेळी इंजिनाचा किती भाग ब्रोगीनं बनवला होता हा हिशेब त्याच्या कामाचा नव्हता. लिली बेल त्याची होती ती त्या दिवशी, हेच मला त्या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटतं.

म्हणून मी प्रश्नच बदलून घेतला. हा भाग कुणी बनवला, असं न विचारता मी विचारू लागलो, हा भाग बिघडला तर काय होईल हे मला माहीत आहे का, आणि त्यावर मी काही करून ठेवलंय का?

त्या सीलबंद कंट्रोलरकडे अशा नजरेनं पाहिलं की चित्र पालटतं. आत मोसफेट नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते जळतात तेव्हा बहुतेक वेळा उघडे पडत नाहीत, चिकटून बसतात. म्हणजे कंट्रोलर मेला की गाडी थांबेल असं आपल्याला वाटतं, पण ती पूर्ण वेगानं सुटू शकते आणि हातातला नॉब फिरवून काही उपयोग नसतो. आता यावर एक उपाय म्हणजे कंट्रोलर स्वतः बनवणं. मला ते जमेलही. पण माझे मोसफेटही चिकटूनच जळतील. 'स्वतः' केल्यानं भौतिकशास्त्र बदलत नाही. दुसरा उपाय म्हणजे बॅटरीच्या वाटेत एक वेगळा कॉन्टॅक्टर बसवायचा, त्याचं लाल बटण हाताशी ठेवायचं आणि कंट्रोलरचा त्याच्याशी काहीही संबंध ठेवायचा नाही. बटण दाबलं, किंवा चालकाच्या मनगटाला बांधलेली दोरी सुटली, की वीज तुटते. आणि वीज तुटली की ब्रेक आपोआप लागतो. कारण ब्रेक स्प्रिंगनं लागलेलाच असतो. विजेनं तो फक्त सोडवून धरलेला असतो.

ही युक्ती माझी नाही. जॉर्ज वेस्टिंगहाउसनं १८७२ साली रेल्वेसाठी जो स्वयंचलित एअर ब्रेक काढला त्याचं तत्त्व हेच. हवेच्या दाबानं ब्रेक लावायचा नाही, दाब गेला की ब्रेक लागेल अशी रचना करायची. डबा तुटला, पाइप फाटला, तरी गाडी थांबण्याच्या बाजूलाच झुकते. बाबांनी आयुष्यभर हेच सांभाळलं. मी फक्त ते नवव्या हिश्शात आणलं. कंट्रोलर मी बनवला नाही, पण तो जळाला तर काय होईल याचं उत्तर इंजिनात बसवलेलं आहे. तेवढ्यापुरता तो माझा झाला असं मी म्हणतो.

यावर एक चांगला आक्षेप माझ्या मैत्रिणीनं घेतला. ती म्हणाली, जबाबदारी घेणं फार स्वस्त असतं. पूल पडला की कुणीतरी 'नैतिक जबाबदारी' घेतं आणि घरी जातं. तुझ्या व्याख्येनं तोही पूल बांधणारा ठरेल. मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबल्या जातात. घटना घडून गेल्यावर 'हो, माझं चुकलं' म्हणणं ही एक गोष्ट. घटना घडण्याआधी ती कशी घडू शकते ते शोधून तिच्या वाटेत काहीतरी उभं करणं ही दुसरी. मी दुसरीबद्दल बोलतोय. ती भाषणात करता येत नाही, ती वस्तूत करावी लागते. आणि तिला कौशल्य लागतं. ज्याला वस्तू कळत नाही त्याला तिचं उत्तर देता येत नाही, त्याची नियत कितीही चांगली असली तरी.

दुसरा आक्षेप मी स्वतःच घेतो. या व्याख्येत बेअरिंग बनवणारा कामगार, मला लेथ शिकवणारा टर्नर, हे सगळे पुसले जातात का? नाही जाऊ नयेत. त्यांचं श्रेय त्यांचंच आहे, आणि ते मोठं आहे. श्रेय शंभर जणांत वाटलं तरी चालतं. पण गाडी वळणावर उलटली तर "बेअरिंग त्यांचं होतं, वेल्डिंग याचं होतं" असं उत्तर वाटून देता येत नाही. मुलाच्या आईसमोर एकालाच उभं राहावं लागतं. 'स्वतः बनवलं' हे वाक्य श्रेयाबद्दल असेल तर ते नेहमी थोडं खोटं असतं. ते उत्तराबद्दल असेल तर खरं असू शकतं.

आणि डिझेल? माझ्या इंजिनात डिझेलचा थेंबही नाही. पुढच्या नाकाखाली बॅटऱ्या आहेत आणि धडधड स्पीकरमधून येते. यावरही लोक 'फसवणूक' म्हणून हसतात. तसं पाहिलं तर खऱ्या डब्ल्यूडीएम-२ ची चाकंही विजेच्या मोटरीच फिरवतात. डिझेल जाळून वीज तयार होते आणि ती सहा मोटरींना जाते. पण मुद्दा तो नाही. स्पीकरचा आवाज ऐकून कुणी त्याच्या भरवशावर आपलं शरीर टाकत नाही. ब्रेकच्या भरवशावर टाकतं. मॉडेलमध्ये नक्कल कुठे चालते आणि कुठे चालत नाही, याची रेघ मला तिथे दिसते. पेशवे पार्कातल्या फुलराणीत आपण सगळे बसलोय. १९५६ पासून पुण्यातली पोरं बसताहेत. त्यातल्या एकानंही ही खरी आगगाडी आहे का, असं विचारलं नसेल, आणि ब्रेक लागतो का, असंही विचारलं नसेल. पहिलं विचारायची गरज नव्हती. दुसरं त्यांच्यासाठी कुणीतरी मोठ्या माणसानं आधीच विचारलं असणार, असं त्यांनी गृहीत धरलं.

आजकाल आमच्या कामात हा प्रश्न फार जवळ आलाय. एआयला सांगितलं की दोन मिनिटांत पाचशे ओळी समोर येतात. चालतात. टेस्ट पास होतात. पुढचा माणूस वरवर स्क्रोल करून 'मस्त दिसतंय' लिहितो आणि कोड आत जातो. तो कोड मी लिहिला का, यावर ऑफिसच्या चहाला हिरिरीनं वाद चालतात. मला तो वाद आता तितका महत्त्वाचा वाटत नाही. मीही एआय वापरतो, जसा लेझर कटर वापरला. पण 'अ‍ॅप्रूव्ह'चं हिरवं बटण ही सहीच आहे. ते दाबताना मी बाबांची कसोटी लावतो: हा कोड रात्री दोन वाजता पडला तर कुणाचं काय नुकसान होईल, आणि ते मला सांगता येईल का? येत नसेल तर मी थांबतो. टीममध्ये त्यामुळे मी जरा स्लो म्हणून प्रसिद्ध आहे.

इंजिनाला अजून रंग दिलेला नाही. त्याची एक वही आहे, तिच्यात तीन रकाने आहेत. पहिल्यात भाग, दुसऱ्यात तो बिघडला तर काय होईल, तिसऱ्यात त्याची तपासणी कशी केली. तिसरा रकाना बाबांनी आखला, आणि तपासणी झाल्यावर ओळीपुढे सही आम्हा दोघांची असते. वाळूची पोती माणसांसारखी रचून वळणावर चाचण्या झाल्यात. चेन तुटली तर, बॅटरीची वायर निसटली तर, चालक चक्कर येऊन पडला तर, या ओळी भरल्यात. दोन अजून कोऱ्या आहेत. एक पावसात ओल्या रुळावर ब्रेक किती अंतरात लागतो याची, आणि दुसरी पाय खाली सोडून बसलेल्या मुलाची. दुसरीसाठी ट्रॉलीला कडेनं पायफळी लावायचं चाललंय.

भाची सहा वर्षांची आहे. दर रविवारी फोन करून विचारते, "मामा, झालं का रे?" मी सांगतो, दोन ओळी राहिल्यात. गेल्या रविवारीही दोनच होत्या हे तिच्या लक्षात असतं.